घोड्यांसाठी वेगळा क्लास

वहिनी या खऱ्या अर्थाने कुणाच्या वहिनी होत्या म्हणाल, तर फक्त मालकांच्या, आणि त्याही मानलेल्या. मालक म्हणजे त्यांच्या नवऱ्याचे शाळेपासूनचे दोस्त. दोघं एकाच बाकावर बसून एकाच वर्षी नापास झालेले, त्यामुळे मैत्री पक्की. पुढे मालकांनी जनावरांच्या दवाखान्यांसाठी वेब ॲप्लिकेशन बनवायची छोटीशी कंपनी काढली. फोन उचलायला माणूस हवं होतं. त्यांनी दोस्ताच्या बायकोला विचारलं, "वहिनी, येता का?" त्या गेल्या. मालकांची हाक कचेरीतल्या दादांनी उचलली, दादांची ग्राहकांनी, आणि वर्ष पालटायच्या आत गावातले निम्मे जनावरांचे डॉक्टर, काही तर त्यांच्या वडिलांच्या वयाचे, फोनवर "वहिनी आहेत का?" असं विचारू लागले. नवऱ्याला याची मोठी गंमत वाटायची. "जगाची वहिनी झालीस," तो म्हणायचा, "आता आपलं नातं काय, ते एकदा ठरवून टाक."

त्याआधी वहिनी एका शाळेच्या कचेरीत होत्या. तिथे त्यांच्याकडे वेळापत्रक लावायचं काम. गणिताच्या बाईंना शेवटचा तास नको, चित्रकलेच्या सरांना सलग दोन तास हवेत, खेळाच्या सरांना जेवणानंतरचा तास चालत नाही कारण पोरांच्या पोटात दुखतं. बाकीच्यांना ही कटकट वाटायची. वहिनींना कधी वाटली नाही. प्रत्येकाचं काहीतरी असतंच, एवढंच त्या म्हणायच्या, आणि पेन्सिल खोडरबर घेऊन बसायच्या.

नव्या कचेरीत माणसं तीनच. सायकलच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली. जिन्यात रबराचा आणि तेलाचा वास. खोलीत तीन टेबलं, एक पाणी उकळायची किटली आणि एक छापायचं यंत्र, जे मालकांच्या मते बिघडलेलं होतं आणि दादांच्या मते फक्त रुसलेलं. दादा हे मालकांचे थोरले चुलतभाऊ. सडपातळ अंगाचे, बारा महिने स्वेटर घालणारे, खुर्चीवर घरून आणलेली उशी ठेवून बसणारे. सगळं ॲप्लिकेशन त्यांनी एकहाती लिहिलेलं. दुपारी फोन थंड झाले की वहिनी त्यांच्या पडद्याकडे बघत बसायच्या. एक दिवस त्यांनी विचारलं, "हे इथे काय लिहिलंय?" दादांना आयुष्यात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान फाडलं आणि पाठकोऱ्या बाजूवर आकृती काढली. तिथून वहिनींचं शिक्षण सुरू झालं. दादांची शिकवण सोपी होती: "आधी वाचा. मग पुन्हा वाचा. मग लगेच लिहू नका, चहा घ्या."

फोनवर बसलेल्या वहिनी अशा रीतीने हळूहळू प्रोग्राम लिहायला लागल्या. फोन मात्र सुटला नाही.

ॲप्लिकेशनचं काम सरळ होतं. माणसाने घरी बसून आपल्या दवाखान्याचं पान उघडायचं आणि मांजराला, कुत्र्याला, सशाला डॉक्टरांची वेळ घ्यायची. प्रत्येक दवाखान्याची सेटिंगची एक फाइल असे. तिच्यात मथळे: वेळा, डॉक्टर, सुट्ट्या, खोल्या. ॲप्लिकेशन सुरू झालं की ते ही फाइल वरपासून खालपर्यंत वाचायचं. एकेका मथळ्याखालचा मजकूर समजून घेणारा प्रोग्रामचा एकेक तुकडा होता. अशा तुकड्याला या धंद्यात क्लास म्हणतात. शाळेतल्या वर्गाशी त्याचा काही संबंध नाही. टपाल कचेरीत जशी एक खिडकी तिकिटांची, एक पार्सलांची, तसंच हे. 'सुट्ट्या' हा मथळा आला की तो सुट्ट्यांच्या क्लासकडे जायचा, 'खोल्या' आला की खोल्यांच्या. आणि ज्याला खिडकीच नाही असा मथळा आला, तर ॲप्लिकेशन सुरूच होत नसे. "हा विभाग मला माहीत नाही," एवढं बोलून दारातच थांबायचं.

हा दादांचा नियम, आणि त्यामागे कारण होतं. पूर्वी एका दवाखान्याने 'सुट्ट्या' हा शब्द चुकीचा लिहिला. तेव्हाचं ॲप्लिकेशन भिडस्त होतं. न कळलेलं सोडून ते मुकाट पुढे गेलं आणि डॉक्टर सहलीला गेलेले असताना दवाखान्याच्या बंद दारासमोर कुत्र्यांची रांग लागली. तेव्हापासून दादा म्हणत, "कळलं नाही तर थांबायचं. अंदाजाने चालणारा प्रोग्राम आणि डोळे मिटून सायकल चालवणारा माणूस, दोघांची गत एकच."

पण दवाखान्यांच्या मागण्या काही थांबत नव्हत्या. पक्ष्यांच्या डॉक्टरीण बाईंचं म्हणणं, मांजराच्या लगेच पाठोपाठ पक्ष्याला वेळ देऊ नका, खोलीत वास राहतो आणि पक्षी पिसं फुलवून बसतात. दुसऱ्या एकाला म्हाताऱ्या कुत्र्यांना वरच्या मजल्यावरची खोली नको होती. यांतलं काहीच चार मथळ्यांत बसत नव्हतं. मग मालक हो म्हणून बसायचे, दादा नाही म्हणायचे, आणि शेवटी दादाच तोंड वाकडं करून मुख्य प्रोग्राममध्ये एक 'जर' घालायचे. जर हा दवाखाना असेल, तर असं कर. एक 'जर' दुसऱ्याला बोलावून आणतो. बघता बघता कुत्र्याच्या छत्र्या उगवाव्यात तसे प्रोग्रामभर 'जर' उगवले.

पक्ष्यांसाठीचा 'जर' असाच आला. मांजर आणि पक्षी यांच्यात अंतर ठेवायचं, एवढीच गोष्ट. दादांनी लिहिला, वहिनींनी तपासला, दोघांना ठीक वाटला. पण एक कंस पुढचा मागे पडला होता, आणि तो नियम एका दवाखान्यापुरता न राहता सगळ्यांना लागू झाला. जिथे पक्षी नव्हतेच, तिथेही ॲप्लिकेशन मांजरांना कुणापासून तरी दूर सरकवू लागलं आणि सरकवत सरकवत सगळी एकाच वेळेवर नेऊन बसवली.

सोमवारी सकाळी फोन वाजला. गावातल्या सगळ्यात मोठ्या दवाखान्याच्या स्वागतकक्षातली मुलगी बोलत होती. तिच्या मागून असा आवाज येत होता, जणू कुणी डझनभर बिजागऱ्या तेलाविना हलवतंय.

"वहिनी," ती अगदी शांतपणे म्हणाली, "इथे मांजरांची सभा भरलीय. अध्यक्ष कोण, यावर अजून एकमत होत नाहीये."

"किती आलीत?"

"बाकं संपलीत. एक गृहस्थ पिंजरा मांडीवर घेऊन वजनकाट्यावर बसलेत. काटा त्या दोघांचं मिळून वजन दाखवतोय, त्याचं त्यांना वाईट वाटतंय."

वहिनींनी रिसीव्हर कानापासून थोडा दूर धरला. तो आवाज टेबलापलीकडे दादांपर्यंत पोचला, आणि दादांनी काही न विचारता तो 'जर' शोधायला घेतला. जेवणाच्या आधी चूक निघाली. पण दादा त्या दिवशी डबा उघडून नुसते बसून राहिले. "मीही तपासला होता," वहिनी म्हणाल्या. "हं," दादा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "यापुढे एकही 'जर' नाही. आभाळ कोसळलं तरी नाही."

आभाळ कोसळलं नाही, घोड्यांचे डॉक्टर आले. म्हणजे आधी त्यांचा फोन आला. सत्तरीचे गृहस्थ, पण आवाज मोकळ्या मैदानात बोलायची सवय असलेला. त्यांचं म्हणणं, सगळ्यांचा रोगी दवाखान्यात येतो, घोडा येत नाही. डॉक्टरलाच घोड्याकडे जावं लागतं. म्हणून त्यांना वेळा नकोत, फेऱ्या हव्यात. अमुक वारी नदीपलीकडे, तमुक वारी टेकडीकडे, आणि विणारी घोडी असेल तर सगळं बाजूला. मालक सवयीप्रमाणे हो म्हणून बसले होते. दादांनी सवयीप्रमाणे नाही म्हटलं. या वेळी मात्र ते हलेनात.

वहिनींनी शिकवल्याप्रमाणे केलं. आधी वाचलं. मग पुन्हा वाचलं. प्रोग्रामच्या अगदी आतल्या घडीत त्यांना एक लहानसा तक्ता सापडला. एका बाजूला मथळे, दुसऱ्या बाजूला क्लास. वेळांना हा, सुट्ट्यांना तो. सगळी गंमत या तक्त्यात होती. कोणता मथळा कोणाकडे जाणार ते इथे ठरत होतं, आणि तो तक्ता प्रोग्राममध्येच पक्का लिहिलेला होता. त्यांनी चहा घेतला आणि खुर्ची दादांच्या टेबलाकडे वळवली.

"दादा, हा तक्ता प्रोग्राममध्ये का आहे?"

"मग कुठे असायला हवा?"

"फाइलमध्ये. फाइलच्या सुरुवातीलाच लिहायचं, की 'फेऱ्या' नावाचा मथळा येईल आणि त्याचं काम अमुक क्लास बघेल. ॲप्लिकेशनने आधी तेवढं वाचायचं, मग बाकीचं. तो क्लास वेगळा लिहायचा, वेगळा ठेवायचा. तुमच्या प्रोग्रामला हात लावायचाच नाही."

दादांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे कुणीही यावं आणि माझ्या घरात आपली खिडकी उघडून बसावं."

"तुमचा नियम मोडत नाही. ओळख नसलेला मथळा आला तर थांबायचंच. फक्त ओळख करून द्यायची सोय हवी."

"वहिनी, हे दार मी उगाच बंद ठेवलेलं नाही."

एवढं बोलून त्यांनी आपला डबा उचलला आणि खिडकीशी जाऊन उभ्याने जेवले. दुसऱ्या दिवशीही तेच. त्यांना राग आलेला नव्हता, हे वहिनींना कळत होतं. रागावलेले दादा बोलतात. हे काही वेगळं होतं. एक 'जर' चुकला म्हणून सगळं घरच चुकलं असं कुणी म्हणतंय, असं त्यांना वाटलं असावं. आणि म्हणणारी बाई त्यांनी स्वतः कॅलेंडरच्या पानांवर घडवलेली. वहिनींचाही डबा अर्धा घरी परत जाऊ लागला. मालक दोघांकडे आळीपाळीने बघून म्हणाले, "तुम्ही दोघं काय ते ठरवा, मी ठामपणे पाठिंबा देतो," आणि छापायचं यंत्र दुरुस्त करायला बसले.

घरी वहिनींनी नवऱ्याला सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, दिवसभर उभ्या भुयारात, त्यामुळे संध्याकाळी त्याला गप्पा हव्या असायच्या. तो म्हणाला, "मालकाला सांग, निर्णय घे म्हणावं." वहिनी म्हणाल्या, "मालकांनी निर्णय घेतला तर दादा मानतील, पण खिडकीतच जेवतील."

सासूबाई कोपऱ्यात लोकर गुंडाळत होत्या. त्यांना कानाने कमी ऐकू यायचं, पण जे ऐकू जाऊ नये असं वाटतं ते नेमकं ऐकू यायचं.

"अगं, रुसलेल्या माणसाला समजावू नये," त्या म्हणाल्या. "सल्ला विचारावा."

"पण आई, त्यांना तेच तर नकोय."

"करू का म्हणून विचारू नकोस. करताना काय सांभाळू, ते विचार. तुझ्या सासऱ्यांना मी जन्मात कधी एखाद्या गोष्टीची परवानगी मागितली नाही. सल्ला रोज मागितला. बिचारे फार सुखात गेले."

नवऱ्याने आईकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं. सासूबाईंना नजरही दिसली नाही, असं त्यांनी दाखवलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी दादांच्या टेबलापाशी गेल्या आणि कॅलेंडरचं कोरं पान समोर ठेवलं. "दादा, समजा बाहेरचा असा क्लास आलाच. तर आत घेण्याआधी त्याच्याकडून काय काय कबूल करून घ्यावं?"

दादांनी पान बाजूला सरकवलं. पण प्रश्न चांगला होता, आणि चांगल्या प्रश्नापुढे दादांचा कधीच टिकाव लागला नव्हता. त्यांनी पेन्सिल उचलली.

"एक म्हणजे, त्याने आपल्याच मथळ्याखालचं वाचायचं. शेजारच्याच्या ताटात डोकवायचं नाही."

"बरं."

"कळलं नाही तर सांगायचं. आणि नुसतं 'चुकलं' असं नाही. कुठली ओळ, कुठला शब्द, काय अपेक्षित होतं. माणसाच्या भाषेत."

"बरं."

"वाचताना कशाला हात लावायचा नाही. वाचणं म्हणजे वाचणं. कामं नंतर." त्यांनी थांबून पानाकडे पाहिलं, मग पेन्सिल ठेवली. "मी फक्त सांगतोय. माझी संमती आहे असं समजू नका."

"नाही समजत," वहिनी म्हणाल्या आणि पान उचलून घेऊन गेल्या. त्या दुपारी दादा टेबलावर जेवले.

पानावरचं वहिनींनी प्रोग्रामच्या भाषेत उतरवलं. जो क्लास एवढं कबूल करेल तोच आत, ही अट तिथेच घातली. मग तक्त्याला दार केलं. पहिला बाहेरचा क्लास त्यांनी स्वतः लिहिला, पक्ष्यांचा. 'पक्षी' असा मथळा, त्याखाली मांजरानंतर किती वेळ खोली मोकळी ठेवायची ते. दादांचा तो जुना 'जर' मुख्य प्रोग्राममधून काढून टाकला. काढताना दादा मागे उभे होते. दात काढून घेतल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला होता, आधी धास्तावलेला आणि मग हलका.

"पक्षीवाल्या बाईंकडेच आधी करून बघू," मालक म्हणाले. "त्या आपल्याला सोडून जाणार नाहीत. त्यांचे प्रश्न दुसरं कोण ऐकून घेणार?"

दोन दिवस सुरळीत गेले. मग सकाळी सकाळी डॉक्टरीण बाईंचा फोन. त्या दवाखान्याच्या वरच राहायच्या.

"वहिनी, मला सांगा, मी पहाटे दवाखाना उघडते असं कुठे लिहिलंय का?"

"नाही हो. का?"

"आज उजाडायच्या आत दार वाजलं. खाली जाऊन बघते तर एक गृहस्थ पोपट घेऊन उभे. तुमच्याच ॲप्लिकेशनने वेळ दिली म्हणाले, मोबाइलवर दाखवली पण. पोपट झोपेत होता. गृहस्थही निम्मे झोपेतच होते."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार, तपासला. पोपटाला काही झालेलं नव्हतं. त्या गृहस्थांना जरा एकटेपणा आलाय असं दिसलं, म्हणून कॉफी दिली. छान गप्पा झाल्या. पण रोज नको."

वहिनी फोन ठेवून पडद्यासमोर बसल्या. क्लास बरोबर होता. त्यांनी शब्द न् शब्द पाहिला. अंतराचा हिशेब बरोबर, वास जायचा वेळ बरोबर. मग पहाट आली कुठून? वाचून झालं, पुन्हा वाचून झालं, दोन चहा झाले. डोळे चुरचुरायला लागले, आणि आपणच दार उघडलं आणि आपणच पहिली घाण आत आणली, असं वाटून त्या अगदी हिरमुसल्या.

"क्रम," दादा आपल्या पडद्यामागून म्हणाले.

"काय?"

"बाईंच्या फाइलमध्ये 'पक्षी' हा मथळा 'वेळा' या मथळ्याच्या वर लिहिलाय. तुमचा क्लास धावतो, तेव्हा दवाखाना कधी उघडतो ते अजून कुणी वाचलेलंच नसतं. त्याला वाटतं, अख्खा दिवस आपलाच." दादा जागचे उठले नव्हते, पण त्यांच्या पडद्यावर वहिनींचाच क्लास उघडलेला होता. केव्हापासून, कोण जाणे. "बाहेरच्या माणसाने एवढंही सांगायला हवं, की मी कोणाच्या नंतर."

वहिनींनी तसं करून टाकलं. प्रत्येक क्लासने आपल्याआधी कोणते मथळे वाचून व्हायला हवेत ते सांगायचं, आणि ॲप्लिकेशनने रांग त्याप्रमाणे लावायची, फाइलमध्ये काहीही वर-खाली असो. शाळेतलं वेळापत्रक लावण्याइतकंच ते काम, आणि तितकंच गोड. पहाटेचे पोपट बंद झाले.

आता घोडे. वहिनींनी डॉक्टरांना फोन करून फेऱ्यांचे नियम विचारले. त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि टेकडी, नदी, ओढ्यावरचा पूल, लंगडणारे घोडे, दात कानशीने घासायचे घोडे, अशी सगळी फिरती ऐकून वहिनींच्या डोक्याची चाकं फिरली. "सांगून नाही कळायचं," डॉक्टर म्हणाले. "मीच येतो. मलाच लिहायला शिकवा."

आले ते चिखलाच्या बुटांसकट. आडवा बांधा, पांढऱ्या मिशा. टोपी त्यांनी छापायच्या यंत्रावर ठेवली आणि मालकांची खुर्ची घेतली. मालक उभे राहिले.

"वहिनी, मी घोडीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून आडवं शिंगरू सरळ केलंय," ते म्हणाले. "हे त्याहून अवघड असेल असं वाटत नाही."

पहिल्या दिवसाअखेर त्यांचं मत बदललं होतं. एका बोटाने, इंजेक्शन टोचावं तसं ते टाइप करायचे. पडद्यावर "इथे अर्धविराम हवा" असं आलं की त्यांना तो व्यक्तिगत अपमान वाटायचा. "याला कळतंय ना अर्धविराम हवा ते? मग हाच का टाकत नाही?" वहिनी हसायच्या आणि पुन्हा दाखवायच्या. दुपारमागून दुपार ते येत राहिले. तोंडाने कुरकूर, पण चुकवली एकही नाही. मध्येच घोड्यांच्या गोष्टी सांगायचे. वहिनींना त्या इतक्या आवडायच्या की फोन दोनदा वाजला तरी उचलला जायचा नाही.

आणि दादा आपल्या टेबलाशी पाठमोरे बसून सगळं ऐकायचे. एका दुपारी डॉक्टर आपल्या क्लासमध्येच लिहायला लागले, की विणारी घोडी आली तर बाकी सगळ्यांच्या वेळा पुढे ढकल. तेव्हा मागे उशीसकट खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"ते तिथे नाही लिहायचं," दादा म्हणाले.

"का नाही? घोडी थांबते का?"

"घोडी नाही थांबत. पण तुमचा हा क्लास सेटिंग वाचणारा. त्याने फक्त नियम समजून घ्यायचा, की विणारी घोडी सगळ्यांच्या आधी. वेळा पुढे ढकलायचं काम दुसऱ्याचं. सकाळी फाइल वाचतानाच जर हा लोकांच्या वेळा हलवायला लागला, तर दिवसभर कशाचा कशाला मेळ राहणार नाही."

डॉक्टरांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हणजे याने नियम सांगायचा, धावपळ दुसऱ्याने करायची."

"अगदी बरोबर."

"मग कळलं. आमच्या घरी हीच पद्धत आहे. नियम बायको सांगते."

दादा हसले. आधी नुसतं नाकातून, मग खांदे हलायला लागले, आणि शेवटी चष्मा काढून ठेवावा लागला. मालक उभ्या उभ्याच वहिनींकडे बघू लागले. दादांना असं हसताना त्यांनी लहानपणी पाहिलं असेल तेवढंच. त्या दिवसापासून डॉक्टरांचं शिक्षण दादांकडे गेलं. दोघं तावातावाने भांडायचे, एकमेकांना हटवादी म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांची वाट बघायचे.

क्लास तयार झाला त्या दिवशी सगळे एका पडद्याभोवती जमले. पक्षीवाल्या बाईही आल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्या जवळपास होत्या म्हणे. डॉक्टरांनी आपल्या फाइलमध्ये 'फेऱ्या' या मथळ्याची ओळख लिहिली, खाली वार आणि वस्त्या लिहिल्या, आणि त्या एका बोटाने ॲप्लिकेशन सुरू केलं.

ते थांबलं. पडद्यावर डॉक्टरांनीच आपल्या क्लासमध्ये लिहून ठेवलेला निरोप आला: "फेऱ्या, तिसरी ओळ. 'बुदवार' नावाचा वार मी कधी ऐकला नाही. दम घ्या आणि पुन्हा लिहा."

डॉक्टर पडद्यात डोकावले, शब्द वाचला, पुन्हा वाचला. "हे मला कोण बोलतंय?"

"तुम्हीच," वहिनी म्हणाल्या.

"चांगलं बोलतोय," डॉक्टर म्हणाले, आणि 'द'चा 'ध' केला. ॲप्लिकेशन सुरू झालं. टेकडीकडची बुधवारची फेरी हिरव्या अक्षरांत उमटली. तासाभरात तिथल्या घोडेस्वारीच्या शाळेने आपल्या म्हाताऱ्या घोडीचे दात दाखवायला वेळ घेतली. मुख्य प्रोग्रामच्या एका अक्षराला कुणी हात लावला नव्हता. दादांनी ते नंतर हळूच जुन्या प्रतीशी ताडून पाहिलं. खात्री झाल्यावर वहिनींजवळ येऊन ते म्हणाले, "तक्ता चांगला होता ना पण?"

"तक्ता होता म्हणून तर झालं, दादा. मी फक्त कडी काढली."

"हं," दादा म्हणाले. त्या 'हं'मध्ये बरंच काही होतं, आणि वहिनींनी ते सगळं घेतलं.

त्यानंतर प्रोग्राममधले 'जर' एकेक करून बाहेर पडले. म्हाताऱ्या कुत्र्यांचा क्लास झाला. जनावराला निरोप द्यायला आलेल्या रडणाऱ्या माणसांसाठी दिवसातली शेवटची निवांत वेळ राखून ठेवणारा एक झाला. तो मालकांनी सुचवलेला, आणि मालकांना काही सुचू शकतं याचं सगळ्यांना नवल वाटलं. दूरच्या गावांतले दवाखाने आपले क्लास आपणच लिहून पाठवू लागले. ते आत घेण्याआधी तपासायचं काम वहिनींचं. तक्त्याला दार केल्यापासून दारापाशी कुणीतरी बसणं भाग होतं, आणि तिथे बसायला त्यांना आवडायचं. कुणाला काय नको, कुणाला काय हवं, ते सगळं त्या दारातून यायचं. दादांनी आठवड्यातले निम्मे दिवस घरी राहायचं ठरवलं. पण घोड्यांचे डॉक्टर यायचे त्या दिवशी ते हमखास हजर असायचे.

गेल्या महिन्यात एका परगावच्या दवाखान्यातून कासवांचा क्लास आला. कासवं हिवाळ्यात झोपतात, त्या दिवसांत त्यांना नेहमीच्या तपासणीची वेळ देऊ नये, फक्त झोपमोड झालेल्यांना द्यावी, असा मजकूर. लिहिणारी तिथल्या स्वागतकक्षातली बाई होती. दिवसभर फोन उचलून उरलेल्या वेळात तिने तो लिहिलेला. वहिनींनी वाचला. पुन्हा वाचला. क्रम सांगितलेला होता, निरोप माणसाच्या भाषेत होते, शेजारच्याच्या ताटात कुठेही डोकावलेलं नव्हतं. चूक सापडत नाही म्हणून त्या चहा घेऊन आल्या आणि त्यांनी तो तिसऱ्यांदा वाचला. नव्हतीच. त्यांना आधी थोडी निराशा वाटली, आणि मग इतका आनंद झाला की निरोप लिहून पाठवायचं सोडून त्यांनी फोनच लावला.

"तुमचा कासवांचा क्लास बघितला," त्या म्हणाल्या. "उद्यापासून चालू करतो."

पलीकडून पेन शोधल्याचा आवाज आला. "काय काय चुकलंय?"

"काही नाही."

"काहीच नाही? मग फोन कशाला केलात?"

"हेच सांगायला," वहिनी म्हणाल्या, आणि खुर्ची जवळ ओढून त्यांनी विचारलं, "मला सांगा, कासवाची झोपमोड झालीय हे ओळखायचं कसं हो?"